ठकूची वळणे

येडगेवाडीच्या वरच्या सड्यावर, त्या उघड्या पठाराच्या काळ्या कातळात, एक गुळगुळीत पट्टा गेलेला आहे. नाकासमोर जाता जाता तो एकाएकी मागे फिरतो, पुन्हा पुढे जातो, पुन्हा फिरतो. वाडीतल्या बमाबाई येडगे पाहुण्यांना तिथे नेतात आणि आवाज खाली करून सांगतात, "ही ठकूची वळणं."

फार पूर्वी इथे धुळा नावाचा गवळी धनगर राहत होता, म्हणे. बायको वारलेली, एकुलती एक लेक ठकू. त्याला एकच नाद. पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरले की फणसाच्या रुंद फळीला राखणीची कुत्री जुंपायची, ठकूला वर बसवायचे आणि सडाभर पळवायचे. लोक हसत. "धुळा, कुत्री राखणीला असत्यात का वरातीला?" तो म्हणे, "माझी पोरगी हाय तवर रोजच वरात!" कुत्री त्याच्या "हाऽऽ"ला पळत, पण परत फिरत ती फक्त ठकूच्या शब्दाला. भूक लागली की ती म्हणायची, "घरला." तेवढे म्हणायचा अवकाश, झिपरी, सगळ्यांत पुढची कुत्री, जागच्या जागी वळायची.

एका श्रावणात ठकूला पान लागले. सापाचे नाव इथे घेत नाहीत, पान लागले असेच म्हणतात. वैद सड्यापलीकडच्या गावात. वाडीतले गडी म्हशी घेऊन रानात पांगलेले, आणि धुके असे की आपलाच हात दिसेना, वाट काढणार ती कुत्रीच. धुळाने लेकीला फळीवर निजवले, कुत्री जुंपली आणि मागून धावू लागला. पान लागलेल्या माणसाला झोपू द्यायचे नसते. म्हणून तो सारखा विनवीत होता, "बोल गं बाय, कायबी बोल."

ठकू बोलली. "घरला."

झिपरी फिरली. धुळाने तिला गळ्याला धरून पुन्हा वळवले. थोडे पुढे गेले, तोच ग्लानीत पुन्हा, "बा, घरला." कुत्री पुन्हा माघारी. बोलली तर वैद गाठता येईना. गप्प राहिली तर जिवंत आहे की नाही, कळेना. शेवटी धुळाने डोक्याचा पटका सोडला आणि लेकीच्या तोंडावर बांधला.

मग कुत्री सरळ गेली, असे सांगतात.

वैदाने दारातच पटका सोडला. गालाला हात लावला. "आत्ता गेली रे. अजून ऊब हाय."

धुळाने तिला फळीवर नीट निजवले आणि तो म्हणाला, "घरला." कुत्री हलली नाहीत. तो पुन्हा म्हणाला. ओरडून म्हणाला. झिपरी ठकूच्या तोंडाकडे बघत बसून राहिली. तेव्हा दोऱ्या त्याने स्वतःच्या खांद्यावर घेतल्या.

आजही श्रावणात या सड्यावर कुत्र्यांच्या फळ्या पळतात, त्यानेच घालून दिलेल्या रीतीने. हाकणारा पटका स्वतःच्या तोंडाला बांधतो. फळीवर वाडीतले एक पोर बसवतात, त्याचे तोंड मोकळे. ते "घरला" म्हणाले की शर्यत तिथेच सोडायची, निशाण हातभरावर असले तरी.