बुधाजीचा शेवटचा आकडा

बोरखडी नावाचं एक गाव होतं आणि त्या गावात एक भोळा बुधाजी राहायचा. भोळा म्हणजे किती भोळा? त्याची सावली कुणाच्या अंगावर पडली, तर "लागलं का हो?" म्हणून विचारायचा. कामाला वाघ, मनाचा सरळ. पण एखादं सांगणं डोक्यात शिरलं की तिथेच ठाण मांडून बसायचं. त्याची आई गोदाक्का त्याला रोज काहीतरी सांगायची आणि रोज पस्तावायची.

त्यात भर पंतोजींची. पंतोजींनी जन्मभर पोरांना अंक शिकवले आणि म्हातारपणी त्यांना मोठ्या आकड्यांचा राग आला. ओसरीवर बसून तपकीर ओढायचे आणि येईल-जाईल त्याला ऐकवायचे, "लाख, कोटी, परार्ध, सगळ्या थापा. परार्ध कधी कुणाच्या दारात पाणी प्यायला आलाय का? आणि अनंत म्हणाल, तर तो फक्त माझा मेहुणा आहे. बाकी अनंत वगैरे काही नसतं. जे मोजून संपलं, तेवढं खरं. जे मोजून संपत नाही, ते नाहीच."

लोक "हो हो" म्हणायचे आणि आपल्या वाटेनं जायचे. बुधाजीला मात्र ते मनापासून पटलं. चाळीसच्या पुढे मोजायला लागलं की त्याला झोप यायची. त्याला वाटायचं, आपल्या डोक्यात काहीतरी कमी आहे. आता कळलं की डोकं ठीक आहे, चाळीसच्या पुढे काही नव्हतंच. त्या दिवशी तो भाकरी जास्त जेवला.

याच सुमारास त्याचं लग्न ठरलं. पलीकडच्या गावच्या रामजी शेलारांची मुलगी अनसा. तिनं बुधाजीला बाजारात पाहिलं होतं. एका अनोळखी म्हातारीचं बोचकं डोक्यावर घेऊन तो तिच्या गावापर्यंत चालत निघाला होता. अनसा घरी जाऊन म्हणाली, करीन तर यालाच. बुधाजीनंही तिला पाहिलं आणि तेव्हापासून तो गोठ्यात बैलांना तिच्याबद्दल सांगत बसायचा.

गोदाक्का म्हणाली, "बुधा, लेका, लग्न होईपर्यंत नीट वाग. हे मोडलं तर तुला कुणी मुलगी द्यायचं नाही."

"नीटच वागतो आई," बुधाजी म्हणाला. आणि बरं का, तो खोटं बोलत नव्हता.

दुसऱ्याच दिवशी आईनं त्याला खळ्यावर ज्वारीची राखण करायला बसवलं. लग्नाच्या जेवणावळीची ज्वारी. चिमण्या आल्या. बुधाजीनं आधी मोजायला घेतलं. पण चिमणी कधी एका जागी बसते का? ही उडाली, ती बसली, मोजलेलीच पुन्हा आली. मोजून काही संपेना. बुधाजी निवांत झाला आणि झाडाखाली आडवा झाला.

संध्याकाळी आई येऊन बघते तर खळ्यावर भुसा.

"अरे, चिमण्यांनी सगळी ज्वारी खाल्ली."

"चिमण्या नव्हत्याच आई. मोजून संपल्या नाहीत."

"मग ज्वारी कुणी खाल्ली?"

"दाणे पण मोजून पाहिले. तेही संपेनात. म्हणजे ज्वारीसुद्धा नव्हती."

आईनं कपाळावर हात मारला. "अरे देवा. लेका, इतके जण घोळक्यानं आले की मोजत बसू नये. गोफण घ्यायची आणि हुसकावून लावायचं."

"असं होय," बुधाजी म्हणाला. "आधी सांगायचं की."

पुढच्या आठवड्यात सुपारी फोडायला अनसाकडची मंडळी आली. काका, मामा, आत्या, शेजारी, गाडीतून उतरताहेत नि उतरताहेत. बुधाजी दारात उभा राहून मोजत होता. चाळीस झाले, डोळ्यांवर झापड आली, तरी आपले घोळक्यानं येतच आहेत. त्यानं खुंटीवरची गोफण काढली. पहिल्याच धोंड्यात रामजींचा फेटा पडला. दुसऱ्यात मामांची पानाची चंची गेली. सगळे व्याही गाडीखाली लपले.

रामजी गाडीखालूनच म्हणाले, "गोदाबाई, माझ्या पोरीची हौस म्हणून गप्प बसतो. पण आता एक जरी वेडेपणा झाला, तर लग्न मोडलं म्हणून समजा."

मंडळी गेल्यावर गोदाक्का रडायलाच लागली. "अरे, दारात कुणी आलं की हात जोडायचे. या, बसा, आपलंच घर आहे, म्हणायचं. असेल ते गोडधोड पुढे ठेवायचं."

"असं होय. आधी सांगायचं की."

दोन दिवसांनी गोदाक्का बांगड्या भरायला गेली. घरात लग्नासाठी आणलेल्या गुळाच्या ढेपा होत्या. दारातून मुंग्यांची रांग आली. बुधाजी लगेच उठला, हात जोडले. "या, बसा, आपलंच घर आहे," म्हणाला आणि ढेपांवरचं फडकं काढून बाजूला ठेवलं. आई परत आली तर गूळ काळा, भिंत काळी, आणि बुधाजी दारात वाकून एकेकीला "या, या" करतोय. त्याची पाठ भरून आली होती बिचाऱ्याची.

आता मात्र गोदाक्काचा पारा चढला. तिनं बुधाजीचा कान धरला आणि त्याला तडक पंतोजींच्या ओसरीवर नेलं.

"पंतोजी, हे तुमचं शिकवणं. याचं लग्न मोडलं तर मी इथेच येऊन बसेन."

पंतोजी चपापले. "अहो बाई, मी म्हटलं, मोठे आकडे नसतात. चिमण्या नसतात असं कुठे म्हटलं?"

"मोठे म्हणजे केवढे, ते नीट सांगा."

पंतोजींनी याचा कधी विचारच केला नव्हता. "आता... चाळीसच्या पुढचे म्हणा."

"चाळीसच्या पुढचे माझे व्याही होते. त्यांना धोंडे मारले यानं."

"मग दहाच्या पुढचे."

"आणि दहा मुंग्यांमागून अकरावी आली, तर तिचं काय करायचं?"

पंतोजींना दुपारची झोप आली होती आणि ही बाई काही हलेना. ते वैतागून म्हणाले, "बरं, मग एक. बुध्या, ऐक. एकच खरा. एक मोजलास की थांब. एकाच्या पुढे काही नसतं."

बुधाजीचं तोंड उजळलं. एक म्हणजे त्याच्या आवाक्यातली गोष्ट होती. गोदाक्कालाही बरं वाटलं. एकापर्यंत मोजणारा माणूस करून करून काय गोंधळ करणार?

लग्नाच्या दिवशी तिचे गुडघे धरले होते, म्हणून ती घरीच थांबली. निघताना तिनं पोराला जवळ घेतलं. "बुधा, बाकी कशात डोकं घालू नको. नवरी एक. तिचा हात धर आणि घरी घेऊन ये. ती रडेल, ओरडेल, हात सोडवून घेईल. माहेर सोडताना सगळ्याच रडतात. तू हात सोडू नकोस."

"नाही सोडणार," बुधाजी म्हणाला.

वऱ्हाड अनसाच्या गावच्या वेशीवर पोचलं. रीतीप्रमाणे नवऱ्या मुलाला ओवाळायला मुलीची आई पुढे आली. पारूबाई. अंगावर जरीचं लुगडं, नाकात नथ, हातात आरतीचं ताट. तिच्या मागे बायकांचा घोळका, त्यामागे मांडव, आणि मांडवात मुंडावळ्या बांधलेली अनसा.

"एक," बुधाजीनं मोजलं आणि थांबला.

मग त्यानं पारूबाईंचा हात धरला, त्यांना बैलगाडीत बसवलं आणि गाडी उलटी फिरवली. वाजंत्रीवाल्यांना वाटलं, बोरखडीची अशीच रीत असेल. ते वाजवत राहिले.

"अरे मेल्या, सोड. मी सासू आहे तुझी," पारूबाई ओरडत होत्या.

आई म्हणाली होती तसंच सगळं चाललं होतं. बुधाजीला त्यांची दया आली. "रडू नको," तो म्हणाला. "पंचमीला माहेरी पाठवीन."

घराच्या उंबरठ्यावर गोदाक्कानं तांदळाचं माप भरून ठेवलं होतं. पारूबाईंनी ते अशा काही रागानं लाथाडलं की तांदूळ थेट शेजाऱ्यांच्या अंगणात गेले.

"अरे, ही कोण आणलीस?" गोदाक्का मटकन खाली बसली.

"नवरी. हात सोडला नाही बघ."

तोवर मागून रामजी काठी घेऊन आले, भटजी आले, अनसासकट अख्खं वऱ्हाड आलं. रामजींनी काठी उचलली, पण अनसा मध्ये येऊन उभी राहिली. तिला हसू आवरेना. डोळे पुसून ती वडिलांना म्हणाली, "आबा, धरलेला हात न सोडणारा नवरा मिळतोय, आणखी काय पाहिजे? करीन तर यांच्याशीच. भटजी आहेतच, इथेच अक्षता पडू द्या."

रामजींची काठी खाली आली. लेकीपुढे बापाचं काय चालतं? ते म्हणाले, "बुधाजी, नशीबवान आहेस. हिचा हात धर. झालं गेलं सगळं माफ."

गोदाक्कानं देवाला हात जोडले. बुधाजीनं अनसाकडे पाहिलं. हीच ती, जिच्याबद्दल तो बैलांना सांगायचा. त्याचे डोळे भरून आले. पण त्यानं पारूबाईंचा हात काही सोडला नाही.

"अहो, बघता काय असं?" अनसा म्हणाली. "मी आहे ना समोर."

बुधाजीनं बाहीनं नाक पुसलं.

"नाहीस गं," तो म्हणाला. "एकाच्या पुढे काही नसतं. तू असतीस, तर तुझ्याशीच केलं असतं लग्न."