रिकाम्या यंत्राचा ताप

एकदा एका जुन्या लॅपटॉपला ताप भरला, आणि त्याचं कारण कोणालाच सापडेना.

खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध कारागीर राहत. लोक त्यांना बापू म्हणत. शिक्षण सातवीपर्यंत. त्यांनी आधी रेडिओ दुरुस्त केले, मग टीव्ही, मग संगणक. यंत्रं बदलत गेली, बापूंची रीत बदलली नाही. आधी ऐकायचं, मग पाहायचं, पेचकस शेवटी उचलायचा.

त्यांच्याकडे दिगंबर नावाचा शिष्य होता. वय अठ्ठावीस, संगणकाची पदविका घेतलेला, हाताचा अत्यंत चपळ. चपळ हात हा गुण आहे, पण प्रत्येक वेळी नाही.

एका बुधवारी सकाळी हेमलता बाविस्कर दुकानात आल्या. ही त्यांची तिसरी खेप. आठ वर्षांचा लॅपटॉप त्यांनी टेबलावर ठेवला तो जरा आपटूनच.

"काल पुन्हा बंद पडला," त्या म्हणाल्या. "बोलणाऱ्याचं वाक्य अर्धं राहिलं."

दिगंबरने झाकण उघडलं, माऊस फिरवला, दोन-चार ठिकाणी टिचकी मारली. प्रोसेसर किती राबतो आहे ते दाखवणारा तक्ता पडद्यावर आला. प्रोसेसर म्हणजे यंत्राचं मन. आकडा होता शंभरात चार.

"ताई, बघा तुम्हीच. चार टक्के. झोपलंय म्हणा ना."

"इथं झोपतं. माझ्याकडे पेटतं. खालून हात लावला तर पोळतो. पंखा असा ओरडतो की ध्वनिमुद्रणात माणूस कमी आणि पंखाच जास्त ऐकू येतो."

"पंखा मी साफ केला. प्रोसेसर थंड ठेवणारी पेस्ट नवीन लावली. नको ते प्रोग्रॅम काढले. आता एकच उपाय राहिला ताई, नवीन घ्या."

"आणि उद्या काय नेऊ? पाटी-पेन्सिल?"

बापूंनी हातातला चष्मा डोळ्यांवर चढवला. "उद्या काय आहे?"

हेमलताबाईंनी सांगितलं. त्या शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या. गेली सात वर्षं गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून लिहून ठेवण्याचं काम त्यांनी अंगावर घेतलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं. नदीपलीकडच्या गावात उखाजी नावाचे नव्वदीचे पाटकरी होते. बंधाऱ्याचं पाणी पाटाने साऱ्या शिवारात पाळीपाळीने फिरवणारा, तो पाटकरी. कुठल्या वळणाला काय नाव, कुठल्या शेताला किती वेळ पाणी, दुष्काळात पाळी कशी मोडायची आणि पुन्हा कशी बसवायची, हे सगळं त्यांच्या तोंडी होतं. कागदावर एक अक्षर नाही.

"परवा त्यांच्या घशाचं ऑपरेशन," हेमलताबाई म्हणाल्या. "डॉक्टरांनी सांगितलंय, जीव राहील, आवाज राहणार नाही. त्यांना लिहिता येत नाही. माझ्याकडे उद्याचा एक दिवस आहे."

दिगंबर म्हणाला, "फोनवर करा ना मग."

"केलं होतं. त्यांचा आवाज आत्ताच सुतासारखा झालाय. फोनला वारा ऐकू येतो, उखाजी ऐकू येत नाहीत. हा चांगला माइक लॅपटॉपलाच लागतो."

बापूंनी लॅपटॉप आपल्याकडे ओढला. मग विचारलं, "तुम्ही मुद्रण लावता तेव्हा तुमचे हात कुठं असतात?"

"मांडीवर. म्हातारा माणूस बोलत असताना यंत्राशी चाळा कसा करायचा? त्याला वाटेल, बाईचं लक्ष नाही."

"बरोबर," बापू म्हणाले. मग त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. माठातून पितळी फुलपात्र काठोकाठ भरून आणलं आणि लॅपटॉपला चिकटून टेबलावर ठेवलं. पडदा विझू नये अशी सोय केली, तक्ता उघडा ठेवला आणि तीन हातांवर दोन स्टुलं मांडली.

"बस," ते दिगंबरला म्हणाले.

"आणि काय करू?"

"काही नाही."

"बापू, मुदत उद्याची आहे आणि आपण पाण्याकडे बघत बसायचं?"

"पाणी सांडलं तर लॅपटॉप जाईल. म्हणून तू टेबलाला हात लावणार नाहीस. तुझ्यासाठी एवढं कुंपण पुरे."

हेमलताबाई बाकावर बसून हे पाहत होत्या. दिगंबरने हाताची घडी घातली. पाच मिनिटं गेली. आकडा चारच. सहा मिनिटं. त्याचा पाय हलू लागला. बापूंनी त्या पायाकडे नुसतं पाहिलं. पाय थांबला.

बाराव्या मिनिटाला पाण्यावर एक बारीक वलय उठलं. मग दुसरं. रस्त्यावरून ट्रक गेल्यासारखं पाणी थरथरू लागलं. मागोमाग पंख्याचा घोंघाट सुरू झाला. पडद्यावरचा आकडा चाळीस झाला, सत्तर झाला, सत्त्याण्णव झाला.

"सापडला!" दिगंबरने उडी मारून माऊस धरला. काठावरचं पाणी ओघळलं. हेमलताबाई किंचाळल्या. बापूंनी फुलपात्र आधीच उचललं होतं.

दिगंबरने पडद्याकडे पाहिलं. आकडा सहावर आला होता. दोषी पुन्हा गायब.

"हे काय? माझ्यावरच डूख धरलाय का यानं?"

"तुझ्यावर नाही. हातावर," बापू म्हणाले. "हात लागला की याला कळतं, मालक आला. मग हे हातातलं काम खाली टाकून अदबीनं उभं राहतं. तू तीन खेपा याला तपासलंस म्हणतोस. तू याला एकदाही एकटं पाहिलं नाहीस. पूस ते पाणी, आणि पुन्हा बस. या वेळी उठायचं नाही. नाव वाच."

फुलपात्र पुन्हा भरलं गेलं. दिगंबर पुन्हा बसला. या वेळी त्याचा पाय हलला नाही, आणि कंटाळ्याची जागा कुतूहलाने घेतली होती. यंत्र एकटं असताना काय करतं, हा प्रश्न त्याला कुठल्या पुस्तकाने घातला नव्हता.

तेराव्या मिनिटाला पाणी थरथरलं. दिगंबर जागेवरूनच पुढे वाकला आणि वाचू लागला. "अँटीव्हायरसची तपासणी चाललीय. आणि फायलींची शोधसूची बनतेय. दोघं मिळून सगळी डिस्क वाचतायत." तो थांबला. "पण ही तपासणी लावली कोणी?"

"मी," बापू म्हणाले. "गेल्या दिवाळीत. यंत्र रिकामं असेल तेव्हाच चालव, मध्ये लुडबुड नको, असं मीच त्याला सांगून ठेवलं. बाई हात मांडीवर ठेवून बसतात हे मी विचारलं नव्हतं. चूक माझी."

दिगंबरने आजवर बापूंच्या तोंडून हे शब्द ऐकले नव्हते. तो चपापला. मग घाईने म्हणाला, "मग सोपं आहे. दोन्ही बंद करू. झालं काम."

"तपासणी घरोघरच्या यंत्रांत चालते. तासाभरात संपते. ही का संपत नाही?"

आता हात लावायची परवानगी मिळाली. दिगंबरने डिस्क उघडली आणि पाहतच राहिला. एका कप्प्यात तारखांची नावं असलेले कप्पे. कालची तारीख, परवाची, तेरवाची. प्रत्येकात तीच टिपणं, सरासरी तीनशे. रोजचा एक कप्पा, सात वर्षांचे अडीच हजार.

"साडेसात लाख फायली! हे वाचून संपण्याआधी यंत्र तापून बंद पडतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरू. आणि डिस्क गच्च भरलीय. ताई, उद्या पंखा गप्प राहिला तरी दीड तासाच्या पुढं मुद्रण मावणार नाही." त्याने मागे वळून पाहिलं. "हा कोणाचा उद्योग?"

हेमलताबाई म्हणाल्या, "माझा."

मग त्यांनी पुढचं सांगितलं. त्यांचे वडील गाणी उतरवून घेत. चाळीस वह्या. एका पुरात सगळ्या वाहून गेल्या. वडील त्यानंतर अकरा वर्षं जगले, पण लेखणी पुन्हा हातात धरली नाही. "म्हणून मी रोज दिवेलागणीला देवापुढं दिवा लावते आणि सगळ्या कामाची नवी प्रत काढते. एक दिवस चुकलेला नाही. जुनी प्रत पुसायला हात होत नाही. त्या दिवशीची तीच बरोबर असली तर?"

"अडीच हजार प्रती आणि सगळ्या एकाच डबड्यात," दिगंबर म्हणाला. "पूर आला तर अडीच हजारही जातील, ताई!"

"दिगंबर," बापू म्हणाले.

बापू बाईंकडे वळले. "तो बोलला ते आगाऊपणाचं आहे, पण खोटं नाही. एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊ, ती तुमच्या कपाटात. एक पेन ड्राइव्हवर, ती दुसऱ्या गावात. कोण आहे?"

"बहीण आहे. उंच टेकाडावर घर आहे तिचं."

"उत्तम. बाकीच्या पुसायच्या. कळ तुम्ही दाबायची. आम्ही दाबणार नाही."

बाईंनी दोन प्रती स्वतः उघडून तपासल्या. एकेक टिपण पाहिलं. त्यात दुपार झाली. मग त्या पुसण्याच्या कळीवर बोट ठेवून बसल्या. दिगंबरला दोनदा बोलावंसं वाटलं, तो बोलला नाही. बाहेर भाजीवाली ओरडून गेली. बाईंनी कळ दाबली.

पुसणं पूर्ण व्हायला दोन तास लागले. त्यानंतर लॅपटॉप पुन्हा एकटा ठेवला. पंधराव्या मिनिटाला पाणी थरथरलं, पंचविसाव्या मिनिटाला शांत झालं. यंत्राने आपली तपासणी पूर्ण केली होती आणि ते खरोखर स्वस्थ बसलं होतं.

"तरी उद्यापुरती तपासणी बंद ठेव," बापू म्हणाले. "परवा आठवणीनं चालू कर."

बाई चहा घेत असताना दिगंबरने विचारलं, "बापू, इतकी वर्षं मी यंत्र चालवून दोष शोधतो. तुम्ही न चालवता शोधला. हे कसं सुचलं?"

बापू म्हणाले, "कामात असलेलं यंत्र तुझं ऐकतं. रिकामं झालेलं यंत्र त्याच्या पोटात जे भरलंय त्याचं ऐकतं. याच्या पोटात एका बाईचं भय भरलेलं होतं. ते भय खरं होतं, वडिलांचं दुःख पाहून आलेलं होतं. पण रोज त्याची नवी प्रत निघत होती, आणि हे बिचारं एकांत मिळाला की सगळ्या प्रती पहिल्यापासून वाचायला बसे. ज्या वेळी नुसतं ऐकायचं, नेमकं त्याच वेळी ते तापे. माणसाचंही असंच असतं. चारचौघांत सगळेच चार टक्क्यांवर असतात. कोणाचा ताप पाहायचा असेल तर त्याला स्वस्थ बसव आणि आपला हात आवर." एवढं बोलून त्यांनी कप खाली ठेवला. "उद्या तू बाईंबरोबर जा. माइकची तार सांभाळ."

गुरुवारी सकाळी आठला उखाजींच्या ओसरीवर मुद्रण सुरू झालं. म्हातारा काडीसारखा, गळ्याला मफलर. आवाज खरोखर सुतासारखा. त्याने बंधाऱ्यापासून सुरुवात केली. बाईंचे हात मांडीवर. दिगंबर खांबाला टेकून बसला. नऊ वाजले, दहा वाजले. पंखा ओरडला नाही. बारा वाजता उखाजींनी पाण्याचा घोट घेतला आणि थांबले.

"बाई, तुमच्या पेटीत जागा किती उरली?"

हेमलताबाईंनी दिगंबरकडे पाहिलं. दिगंबर म्हणाला, "पुष्कळ, बाबा. आज दिवसभर बोललात तरी उरेल."

"मागच्या खेपेला मध्येच बंद पडली होती."

"आता नाही पडणार."

म्हाताऱ्याने दोघांना निरखून पाहिलं. मग पहिल्यांदाच हसला. "मग आता खरं सांगतो. सकाळपासून सांगितलं ते गावातलं कोणीही सांगेल. पेटी टिकते का आणि तुम्ही बसता का, ते बघत होतो. आत असलेलं एकदाच बाहेर काढायचंय, ते अर्ध्यावर उठणाऱ्या माणसापुढं कशाला काढू?"

त्याने मफलर सैल केला, डोळे मिटले, आणि पाटाच्या पहिल्या वळणाचं नाव घेतलं. त्या नावामागे त्या वळणावर कोण भांडलं, कोणी समेट केला आणि कोणाच्या शब्दावर पाणी कसं फिरलं, ते सगळं येऊ लागलं. दिगंबरला अनेक प्रश्न पडले. त्याने एकही विचारला नाही. ऊन ओसरीवरून उतरून अंगणात गेलं, तरी उखाजी बोलत होते.