मूठभर पिल्लू आणि दमलेला दिवा

हे पिल्लू बघा. मूठभर. पिवळं. पाय काडीएवढे.

पिल्लाला आई नव्हती. दिव्याची ऊब होती. त्या उबेत ते रोज झोपायचं.

आज खुराड्यात नवी भिंत घालायला घेतली. फळ्या अजून ठोकायच्या होत्या. मध्ये नुसता जाडजूड लाकडी खांब. दिवा गेला खांबाच्या अलीकडे, तार राहिली पलीकडे. बाजूंना फळ्या लागणार, म्हणून तार खांबातूनच न्यायची होती. दिवा विझला. ऊब गेली. पिल्लू कुडकुडलं. डोळे मिटत होते, पण झोप येईना.

लुटुलुटु, लुटुलुटु. पिल्लू दिव्याकडे गेलं.

"दिवेदादा, दिवेदादा, लाग ना. मला ऊब मिळेना."

दिवा म्हणाला, "लटकून लटकून मान दुखली. दमलो बाबा. तार आली की लागतो."

लुटुलुटु, लुटुलुटु. पिल्लू तारेकडे गेलं.

"तारताई, तारताई, सरक ना. दिवा लागेना, मला ऊब मिळेना."

तार म्हणाली, "वेटोळं करून बसले, अंग आंबलं. दमले बाई. खांबाने वाट दिली की सरकते."

लुटुलुटु, लुटुलुटु. पिल्लू खांबाकडे गेलं.

"खांबआजोबा, खांबआजोबा, वाट द्या ना. तार सरकेना, दिवा लागेना, मला ऊब मिळेना."

खांब म्हणाला, "उभं राहून पाय भरून आले. दमलो बाबा. ड्रिलने भोक पाडलं की वाट देतो."

लुटुलुटु... लुटुलुटु. पिल्लू ड्रिलकडे गेलं.

"ड्रिलमामा, ड्रिलमामा, फिर ना. खांब वाट देईना, तार सरकेना, दिवा लागेना, मला ऊब मिळेना."

ड्रिल म्हणाला, "सकाळपासून गरगर फिरलो, डोकं तापलं. दमलो बाबा. चाचांनी उचललं की फिरतो."

लुटु... लुटु... लुटु. पिल्लू चाचांकडे गेलं.

वायरमन हसनचाचा पोत्याला टेकून बसले होते. डोळे मिटलेले. बाजूला चहा गार झालेला.

"हसनचाचा, हसनचाचा, उठा ना. ड्रिल फिरेना, खांब वाट देईना, तार सरकेना, दिवा लागेना, मला ऊब..."

पुढचं जांभईतच गेलं.

चाचांनी डोळे उघडले. सगळे आपापलं दमणं सांगत बसले होते. पिल्लाला कोणी विचारलंच नव्हतं.

चाचांनी विचारलं, "बाळा, तू दमलंस का?"

पिल्लाने मान डोलावली. मग त्याला रडूच आलं.

"मीही दमलोय," चाचा म्हणाले. "चल, दोघं मिळून करू."

त्यांनी पिल्लाला शर्टाच्या खिशात ठेवलं. गुडघ्यावर हात टेकून उठले. खांबावर पेन्सिलीने खूण केली. काठाला नाही हं, काठाला खांब चिरतो. अगदी मधोमध.

चाचांनी ड्रिल उचलला. घर्रर्र, घर्रर्र. ड्रिल फिरला. भुरुभुरु भुसा पडला. खांबाने वाट दिली. सर्रर्र, तार सरकली. चाचांनी ती दिव्याला जोडली. खट्. दिवा लागला.

चाचांनी खिशात पाहिलं. पिल्लू गाढ झोपलं होतं.

त्यांनी ते अलगद दिव्याखाली ठेवलं आणि घरी गेले. ड्रिल झोपला. खांब उभ्या उभ्या झोपला. तारही झोपली.

दिवाही खूप दमला होता. पण तो जागाच राहिला. पिल्लाला थंडी वाजली असती ना.