आठ वर्षांचे उपकार

डोंगराच्या पायथ्याशी बोरमळा नावाची एक इवलीशी वस्ती होती. वीस-बावीस घरं, एक गोड्या पाण्याचा आड आणि लाल कौलांचं एक चिमुकलं चर्च. चर्चच्या भिंतीवर निळ्या गोकर्णाचा वेल चढलेला, आणि सकाळचं ऊन पडलं की त्याची फुलं नुकती धुतल्यासारखी दिसायची.

याच वस्तीत मिर्याम राहायची. आठ वर्षांची, सडपातळ, सावळी. तिच्या खांद्यावर कायम एक बाळ असायचं. त्या बाळाच्या भाराने तिचा डावा खांदा जरासा खाली झुकला होता.

श्रावणातल्या एका सकाळी ते बाळ जन्मलं आणि दुपारपर्यंत त्याची आणि मिर्यामची आई, रिबका, देवाघरी गेली.

मिर्यामचे बाबा, शमुवेल, घायपाताच्या पानांतून वाकाचे धागे काढून त्यांचे दोर वळायचे. आसपासच्या गावांत त्यांच्या दोरांना नाव होतं. पण आई गेली त्या दिवसापासून त्यांनी दोराला हात लावला नव्हता. उंबऱ्यावर बसायचे आणि समोरच्या रस्त्याकडे बघत राहायचे. कुणी ताट पुढे ठेवलं तर चार घास खायचे, नाही ठेवलं तर तसेच बसायचे. बाळाकडे मात्र त्यांनी एकदाही पाहिलं नाही. त्याचं नावसुद्धा ठेवलं नव्हतं. पाळकसाहेब दोनदा घरी येऊन गेले, बाप्तिस्म्याचं बोलले. बाबा नुसते मान खाली घालून बसले.

म्हणून मिर्याम त्याला नुसतंच बाळ म्हणायची. शेजारच्या मार्थाकाकू आपल्या शेळीचं पेलाभर दूध रोज द्यायच्या, त्यावर बाळ वाढत होतं. पण बाजरीची कणसं भरली आणि काकूंची शेळी आटली. तीन दिवस बाळाला तांदळाच्या पेजेचं पाणी पाजलं. तीन दिवसांत त्याचं रडणं मांजराच्या पिल्लासारखं बारीक झालं.

चौथ्या दिवशी मिर्यामने बाळाला काकूंच्या मांडीवर ठेवलं.

"काकू, मी लाकडं गोळा करून आणते. मोळी घेऊन कुणी दूध देतंय का बघते."

"ऊन फार आहे गं," काकू म्हणाल्या. "पाणी घेऊन जा."

गडूभर पाणी घेऊन ती डोंगराच्या रानात शिरली. रान तेव्हा सोनकीच्या पिवळ्या फुलांनी भरून गेलं होतं. फुलांवर पांढरी, केशरी, निळसर फुलपाखरं भिरभिरत होती. मिर्यामने वर पाहिलं नाही. वाळक्या काटक्या वेचत ती पुढे पुढे गेली, आणि चालता चालता तिला कुणाचं तरी हुंदके देणं ऐकू आलं.

बाभळीच्या एका जुन्या झाडाला डिंक आला होता. मधाच्या रंगाचा, उन्हात चमचमणारा. त्या डिंकात एक परी अडकली होती. बोटभर उंचीची, मोरपिशी झग्यातली, केसांत दवाचे थेंब माळलेली. तिचा एक पंख मोकळा होता, दुसरा डिंकात रुतून बसला होता.

"ओढू नको," परी घाबरून म्हणाली. "ओढलास तर फाटेल."

"नाही ओढणार," मिर्याम म्हणाली. "डिंक पाण्यात विरघळतो. माझे बाबा सांगायचे."

ती झाडाखाली बसली. ओंजळीतून एकेक थेंब पाणी डिंकावर सोडू लागली. घसा कोरडा पडला होता, ओठांना भेगा पडल्या होत्या, तरी तिने एक घोटही घेतला नाही. गडू रिकामा होत आला तेव्हा डिंक मऊ झाला आणि नाजूक, जाळीदार पंख हळूच सुटला. परीने तो दोनदा फडफडवला. त्यातून चांदीची बारीक धूळ उडाली आणि मिर्यामच्या नाकावर बसली.

"तू स्वतःसाठी पाणी ठेवलं नाहीस," परी म्हणाली.

"पुरलं नसतं."

परी तिच्या गुडघ्यावर येऊन बसली. झग्याच्या घडीतून तिने दोन कळ्या काढल्या. एक मोत्यासारखी पांढरी, दुसरी हळदीसारखी पिवळी.

"या दोन कळ्या म्हणजे दोन इच्छा. पण नियम नीट ऐक. एका कळीत एकच इच्छा, आणि तीही एकाच जिवासाठी. इच्छा ज्याच्याबद्दल असेल, त्याच्याबद्दल आधी देवाचे उपकार मानायचे. मनापासून. मनात नसलेलं नुसतं ओठांवर आणलंस, तर कळी उमलणार नाही."

"मग मला आई परत हवी," मिर्याम लगेच म्हणाली.

परीचे पंख मिटले. "मी देव नाही गं, बाळ. त्याच्या बागेतली एक लहानशी चाकर आहे. त्याच्या घरी गेलेलं माणूस मला परत आणता येत नाही."

मिर्याम रडली. खूप दिवसांनी रडली, कारण घरात रडायला तिला सवडच नव्हती. परी तिच्या गुडघ्यावर तशीच बसून राहिली, आणि मिर्यामचं रडणं ओसरल्यावर म्हणाली, "दुसरं काय हवं आहे?"

"बाळासाठी दूध."

"मग बाळाबद्दल बोल देवाशी."

मिर्यामने पांढरी कळी हातात घेतली, डोळे मिटले. "देवा, तू आम्हाला गोड बाळ दिलंस, म्हणून तुझे उपकार."

कळी मिटलेलीच राहिली. मिर्यामची मान खाली गेली. त्यातलं खोटं कळीला कळलं होतं. हे बाळ आलं नसतं तर आई असती, असं ती कितीतरी वेळा मनात म्हणाली होती.

मग ती हळू आवाजात म्हणाली, "देवा, रोज सकाळी बाळ डोळे उघडतं ना, ते पहिल्यांदा मला शोधतं. मी दिसले की पाय झाडतं. त्याबद्दल तुझे उपकार."

कळी एकेक पाकळी करून उमलली. सोनकीच्या ताटव्यातून घुंगरांचा आवाज आला आणि एक पांढरीशुभ्र शेळी बाहेर आली. कान गुलाबी, डोळे मधाळ, कास दुधाने तटतटलेली. ती मुकाट मिर्यामच्या मागे घरी आली. त्या दिवशी बाळ पोटभर प्यालं आणि झोपेत हसलं.

पिवळी कळी मिर्यामने पदराच्या गाठीत जपून ठेवली. आईच्या जुन्या लुगड्याची झोळी करून ती बाळाला बांधायची, त्याच्याच पदरात. तिला काय मागायचं ते ठाऊक होतं. पण दुपारमागून दुपार ती कळी हातात घेई आणि तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. शेवटी ती पुन्हा बाभळीपाशी गेली.

"परीताई, आईचा आवाज ऐकवता येईल? एकदाच?"

"तेवढं जमेल," परी म्हणाली. "एका अंगाईएवढा. पण त्याआधी आईबद्दल उपकार मानावे लागतील."

"ते मला येत नाहीत." मिर्यामने मान हलवली. "देवाने तिला नेलं. मला राग आलाय त्याचा."

"मग तेच सांग त्याला. त्याला राग सांगितलेला चालतो."

त्या दिवसापासून मिर्याम देवाला रोज राग सांगू लागली. शेळीचं दूध काढताना, आडावर पाणी शेंदताना, बाळाची दुपटी वाळत घालताना. सांगता सांगता आईच्या गोष्टी तोंडी यायच्या. आई वेणी घालताना फार ओढायची. आई पावाचा कडक भाग स्वतः खायची आणि मऊ भाग मिर्यामला द्यायची. राग सांगायला बसलेली मिर्याम कधी कधी मध्येच थांबायची आणि पुढे काय म्हणायचं तेच विसरायची.

बाजरी घरात आली आणि उपकारस्तुतीचा रविवार उजाडला. बोरमळ्यातली माणसं डोक्यावर टोपल्या घेऊन चर्चकडे निघाली. टोपल्यांत बाजरीची कणसं, केशरी भोपळे, हिरव्यागार शेंगा, झेंडूच्या माळा.

"बाबा, चला ना," मिर्याम म्हणाली.

"कशाचे उपकार मानायचे?" बाबा रस्त्याकडे बघतच म्हणाले. "तू जा."

ती बाळाला झोळीत बांधून निघाली. थोड्या वेळाने बाबा उंबऱ्यावरून उठले आणि तिच्या मागून चालू लागले, हे तिला माहीत नव्हतं. ते आत आले नाहीत. गोकर्णाच्या वेलाआड, खिडकीशी उभे राहिले.

आत एकेक जण वेदीपाशी जाऊन टोपली ठेवत होता आणि उपकाराचे दोन शब्द बोलत होता. पावसाबद्दल, पिकाबद्दल, बऱ्या झालेल्या तापाबद्दल. सगळ्यांचं झालं तेव्हा मिर्याम उठली. तिच्या हातात टोपली नव्हती.

पाळकसाहेब खाली वाकून म्हणाले, "बोल, बाळ."

"देवा," मिर्याम म्हणाली, आणि थांबली. "देवा, माझी आई गेली. मला ते आवडलं नाही. अजून आवडत नाही. पण बाळाला आई एक सकाळ मिळाली. मला आठ वर्षं मिळाली. तिने माझ्या वेण्या घातल्या, माझ्यासाठी गाणी म्हटली, ताप आला की कपाळावर हात ठेवला. आठ वर्षं, देवा. त्याबद्दल तुझे उपकार."

पदराच्या गाठीत काहीतरी हललं. गाठ आपोआप सुटली आणि पिवळी कळी उमलू लागली. सोनेरी उजेडात परी वर आली. ती फक्त मिर्यामलाच दिसत होती.

"माग," परी कुजबुजली. "तुझी इच्छा सांग."

मिर्यामने ओठ उघडले. किती दिवस तिने त्या आवाजाची वाट पाहिली होती. तेवढ्यात झोळीत बाळ चुळबुळलं.

"परीताई, एकाच जिवाला ऐकू येईल ना?"

"एकालाच."

मिर्यामने डोळे घट्ट मिटले. "मग बाळाला ऐकू दे. त्याने आईची अंगाई कधीच ऐकली नाही."

चर्चमध्ये काहीच आवाज झाला नाही. मिर्यामने कान देऊन ऐकलं, तिला नुसता झाडांतला वारा ऐकू आला. पण बाळ एकदम शांत झालं. त्याचे डोळे मोठे झाले. उजवीकडे मान वळवून, तिथे कुणी उभं असावं तसं ते टक लावून बघू लागलं. मग त्याचं बोळकं उघडलं आणि ते हसलं. हुंकार देऊ लागलं. एका अंगाईएवढा वेळ ते तसंच ऐकत राहिलं, आणि मिर्याम त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

दारात चाहूल लागली. बाबा आत आले होते. सगळ्यांच्या देखत ते मिर्यामपाशी आले, गुडघ्यांवर बसले आणि बाळाकडे पाहिलं. पहिल्यांदाच. बाळाचे डोळे हुबेहूब रिबकाचे होते, हे त्यांना आजवर ठाऊकच नव्हतं.

"मला दे," ते म्हणाले. आवाज गंजलेल्या कडीसारखा निघाला.

मिर्यामने झोळी सोडली. बाबांनी बाळाला हातांत घेतलं. मग ते पाळकसाहेबांना म्हणाले, "साहेब, याचं नाव ठेवायचं आहे. इतके दिवस ठेवलं नाही, माझी चूक झाली."

"काय ठेवायचं?"

"इम्मानुएल," बाबा म्हणाले. "हिच्या आईने ठरवून ठेवलं होतं. मला ते तोंडातून काढवत नव्हतं."

मिर्याम चर्चच्या पायरीवर आली. परी तिच्या झुकलेल्या खांद्यावर उतरली. ती वाऱ्यापेक्षाही हलकी होती.

"आईचा आवाज तुला मिळाला नाही," परी म्हणाली. "वाईट वाटतंय?"

"हो," मिर्याम खरं तेच म्हणाली. "खूप."

"वाटणारच." परीने तिच्या ओल्या गालाला चिमुकला हात लावला. त्या हातातून उजेड सांडू लागला. आधी सोनेरी, मग पांढरा, मग गोकर्णासारखा निळा. उजेड वाढत गेला, परी त्यात विरत गेली, आणि एका क्षणी पायरीवर फक्त सकाळचं ऊन उरलं.

आतून बाबांची हाक आली. "मिर्याम, याची मान कशी धरायची गं? मला येत नाही."

मिर्यामने डोळे पुसले आणि बाबांना शिकवायला आत गेली.