सतरंजीखालची ऊब

डोंगरावरच्या त्या थंड गावात खोली गरम करणारे विजेचे हीटर नवे नवे आले होते, तेव्हाची ही गोष्ट. सरोजाताईंनीही एक आणला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायात नको, म्हणून त्याची लांब वायर सतरंजीखाली सारून दिली. थंडी काही हटेना, म्हणून हीटर दिवसभर चालूच. ओसरीवरचा मीटर गरगर फिरे. "बिल येईल तेव्हा बघू," ताई म्हणत.

त्यांच्या भुरी मांजरीला हीटरसमोर बसवेना, डोळे चुरचुरत. तिला सतरंजीवरच एक छान कोमट पट्टा सापडला. तिथे ती अंगाचं मुटकुळं करून पडून राही.

"भुरे, ऊठ आणि ताईंना बोलाव," एकदा खालून वायर म्हणाली. "ही ऊब नव्हे गं. हीटरचा भार मला सोसत नाही, म्हणून मी तापलेय."

"जरा वेळाने बोलावते," भुरी म्हणाली. इतकी चांगली जागा कोण सोडणार?

दुपारी तिच्या पोटाला चटका बसला. ती किंचाळतच बाजूला उडाली. सरोजाताई धावत आल्या, त्यांनी बटण बंद केलं आणि सतरंजी उचलली. खाली वायर वितळून काळी पडली होती आणि सतरंजीला भोक पडलं होतं.

"माझं काय चुकलं?" विझता विझता हीटरने विचारलं. "थांब, असं मला कुणी म्हणालंच नाही."

"मी म्हणत होते," वायर म्हणाली. "पण जिला ऐकू आलं, तिला ऊब हवी होती."