मऊ अंथरूण

माळावर अजून पाऊलवाटही नव्हती, तेव्हाची गोष्ट. एक लावी पक्षीण पिलांना घेऊन कुसळी गवतात राहायची. कुसळं पिलांना टोचायची आणि तिचा जीव खालीवर व्हायचा.

"कुसळीबाई, जरा मऊ हो की!"

"टोचते म्हणून तर इथं कुणी झोपत नाही," कुसळी म्हणाली.

लावी फणकाऱ्याने कुसळीच्याच भावकीतल्या, पण मऊ अशा पवन्या गवतात गेली. तिथे मधोमध गवत गोल दबलेलं होतं. पिलं लगेच पेंगली. तिने पोट टेकलं, तर जमीन गरम.

"पवन्यादादा, इथं तर सावली आहे. मग ही ऊब कुणाची?"

वारा नव्हता, तरी पवन्या थरथरला. "रोज झोपतं त्याची. आत्ता पाण्यावर गेलंय."

पिलांना पुढे घालून लावी धावत सुटली. कुसळीत शिरताच पिलं रडू लागली, "आई, टोचतंय!"

मागे पवन्या हळूहळू गोल दबत होता.

"टोचू दे," लावी म्हणाली.