रास मोडण्याचा दिवस

ही समोरची दगडांची रास बघा. उंची फार नाही, माणसाच्या छातीला लागेल एवढीच. पण नीट बघितलंत तर हिच्यात एकही दगड उभा नाही. सगळे आडवे, हाताला लागले तसे टाकलेले. एखादा गवंडी आला तर कपाळाला हात लावेल. खाली तो हिरवा पट्टा दिसतो ना, तिथे झरा आहे. रास आणि झरा यांच्यामधल्या या उतारावर घडलेली गोष्ट सांगतो. बसा सावलीत. मराठी माणसं या टेकडीवर फारशी येत नाहीत. तुम्ही आलात, तर मीही जरा मनासारखं बोलून घेतो.

मी जन्माने अलिबागकडचा. आमच्या घरी तेलाचा घाणा होता. आम्ही यहुदी, तेव्हा तो शनिवारी बंद, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं. शाळकरी वयात आईवडिलांबरोबर इकडे इस्राएलात आलो आणि याच गावात म्हातारा झालो. तेव्हा ही गोष्ट माझ्या वाडवडिलांची की या गावची, असं मला विचारू नका. माझ्यासाठी दोन्ही एकच.

तर, फार जुना काळ. इस्राएलात तेव्हा राजा नव्हता. संकट आलं की परमेश्वर कोणातरी माणसाला उठवायचा, तो लोकांना सोडवायचा, त्याला शास्ता म्हणत. शास्त्याने डोळे मिटायचा अवकाश, लोक पुन्हा पहिल्या वळणावर. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच.

या टेकडीवर तेव्हा वरपासून खालपर्यंत पायऱ्यापायऱ्यांची शेती होती. प्रत्येक पायरीला दगडांचा बांध, आपण कोकणात गडगा घालतो तसा. बांध असेल तर माती टिकते, माती टिकली तर जव पिकतो. इथल्या लोकांनी, असं सांगतात, शेजाऱ्यांचा बआल देव आपल्या घरात आणला. त्यांचं म्हणणं असं, की परमेश्वराने आपल्याला मिसर देशाच्या गुलामीतून सोडवलं हे खरं, पण पावसाचं खातं बआलाकडे आहे. थोडं इकडे, थोडं तिकडे, काय बिघडलं?

बिघडायचं ते बिघडलंच. पूर्वेकडून उंटवाले लुटारू यायला लागले. पेरणीला कधी यायचे नाहीत. पीक उभं राहिलं की बरोबर यायचे, झऱ्यावर तळ ठोकायचे, धान्य न्यायचे, गुरं न्यायची. पाण्याला आलेल्या मुलींना धरायचे, उंटांना पाणी पाजायला लावायचे, आणि जाताना सोबत घेऊन जायचे. एका साली होग्ला नावाच्या बाईची मुलगी तिर्सा अशीच त्यांच्या हाती लागली. तेव्हा कुठे गावाचे डोळे उघडले. लोकांनी रडून परमेश्वराला हाक मारली, बआलाची वेदी फोडली. आणि त्यांच्यातूनच याशूब नावाचा एक शेतकरी उठला. म्हणाला, तलवारी नाहीत तर नसू देत, दगड आहेत. त्याने आधी स्वतःच्या शेताचा बांध उपसला आणि खाली लोटला. ते बघून प्रत्येकाने आपापला बांध उपसला. अख्खी टेकडी तळावर कोसळली म्हणा ना! लुटारू चेंगरले, उरले ते पळाले. आणि म्हणे, तिर्सा उभी होती तिथे आल्यावर दगड तिच्या दोन्ही अंगांनी निघून गेले. पोरीला साधा ओरखडा नव्हता.

लोकांनी ते दगड आठवण म्हणून वर आणले आणि इथे रास केली. होग्लाने एक लांबट दगड निवडून सगळ्यांच्या वर उभा केला. आपली लेक वाचली हे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळावं, एवढाच त्या आईचा हेतू होता. त्यात पाप काहीच नव्हतं.

पण चूक इथेच झाली, आणि ती आमच्याच लोकांनी करावी अशी चूक आहे. बांधाचे दगड राशीत आले ते परत बांधात गेलेच नाहीत. देवाने ज्यांच्याकडून चमत्कार करवला, ते दगड शेतात कसे लावायचे? पाऊस आला, उघडी माती वाहून गेली, पीक निम्म्यावर आलं. बांध घाला, बांध घाला, म्हणून याशूब मरेपर्यंत ओरडत होता. तो वारला, आणि कोणीतरी त्या उभ्या दगडाला तेल लावलं. पुढे सगळेच लावायला लागले. ज्या दगडांनी माती धरायची, त्यांच्याच पाया पडून लोक पीक मागू लागले. बआल सोडला होता, तर आपल्या सुटकेचाच बआल करून ठेवला. अहीराम नावाचा एकजण राशीपाशी झोपडी बांधून बसला. तेल लावायचं ते त्याच्याच हातून, आणि पहिली पेंढी त्याच्या दारात. आयत्या बिळावरचे नागोबा कुठे नसतात?

आणि उंटवाले परत आले. पुन्हा त्याच झऱ्यावर तळ पडला.

होग्लाची तिर्सा आता आजी झाली होती. तिची नात नोआ सकाळी इतर पोरींबरोबर घागर घेऊन झऱ्यावर गेली आणि तळात अडकली. आईबापांविना पोर, तिर्सानेच लहानाची मोठी केलेली. म्हातारीला तिच्याशिवाय या जगात कोणी नव्हतं.

सगळं गाव पळून इथे वर आलं. आपल्या पोरी उंटांना पाणी पाजताहेत, हे इथून स्पष्ट दिसत होतं. आणि लोक काय करत होते? घरातून आणलेलं उरलंसुरलं तेल त्या उभ्या दगडावर ओतत होते. मला अजून ही गोष्ट सांगताना इथे संताप येतो. तिर्सा काठी टेकत वर आली आणि म्हणाली, "दगड लोटा."

कोणी हललं नाही. अहीराम पुढे झाला. "थेरडे, राशीला हात लावलास तर याच दगडांनी ठेचून मारू तुला!"

"मारा ना," तिर्सा म्हणाली. "पण मारायला तरी दगड उचलाल की नाही? उचललेत की खाली फेका."

म्हणे, एकदोघांना हसू फुटलं आणि हसता हसता ते रडायलाच लागले. मग एक बाई पुढे आली आणि हळूच म्हणाली, "तिर्साआजी, नोआ खाली आहे गं."

"दिसतंय मला. तेव्हा मीही खालीच होते."

तिने हात वर केले. म्हणाली, "परमेश्वरा, आम्ही चुकलो. हे आम्ही पहिल्यांदा म्हणत नाही, तुलाही ठाऊक आहे. पण पोरी खाली आहेत." एवढीच तिची प्रार्थना. मग आईने आपल्यासाठी उभा केलेला तो दगड तिने दोन्ही हातांनी धरला. वर्षानुवर्षांच्या तेलाने तो इतका बुळबुळीत झाला होता, की हात निसटत होते. तिने डोक्याचं फडकं सोडून त्याला गुंडाळलं, खांदा लावला आणि ढकलला. मागून माणसं धावली, आणि सगळी रास खाली गेली.

तळ मोडला. लुटारू पळाले, ते त्या पिढीत परत आले नाहीत. बाकीच्या पोरी उंटांच्या आडोशाला शिरल्या, वाचल्या. नोआ वाचली नाही. तिच्याजवळ पडलेल्या दगडाला फडकं गुंडाळलेलं होतं, असं सांगतात. तिर्साने ते सोडून घेतलं आणि पुन्हा डोक्याला बांधलं.

आजीसाठी दगड बाजूला झाले, नातीसाठी का झाले नाहीत? तुम्ही विचारणारच, सगळे विचारतात. मला माहीत नाही. एखादा शहाणा लगेच उत्तर द्यायला लागतो, तेव्हा मला त्याचा राग येतो. गावाने पाप केलं, गाव वाचलं, आणि जिने काही केलं नव्हतं ती पोर गेली.

गावाला लाज वाटली. लोकांनी ठरवलं की नोआच्या नावाने एक दगड उभा करायचा, चांगला, सगळ्यांहून उंच. तो आणायला निघालेल्या माणसांच्या वाटेत तिर्सा आडवी बसली.

"माझ्या पोरीचा दगड उभा करायचा नाही," ती म्हणाली. "उद्या त्याला तेल लावाल."

"मग तिला विसरायचं का, आजी?"

"विसरू नका, सांगा. देवाने सोडवलं ते सांगायला सगळ्यांना आवडतं. त्याच्या आधीचंही सांगा."

म्हणून आधी लागतील तेवढे दगड बांधांत गेले, आणि जे उरले त्यांचीच ही रास झाली. तिर्साने लोकांकडून वचन घेतलं, की कापणीच्या आधी दरवर्षी ही मोडायची आणि गोष्ट सगळी सांगायची, लाजेच्या भागासकट. पुढे हे लोक पुन्हा चुकले नाहीत का? चुकले. बआल परत आला, उंटवाले परत आले, नवा शास्ता उठला, तोही मेला. पण रास मोडायचं मात्र एकाही वर्षी चुकलं नाही.

आजही जवाच्या कापणीआधी सगळं गाव इथे जमतं. कोणीतरी गोष्ट सांगतं, मग हातोहात रास उतरते, पार जमिनीपर्यंत. ज्याचा बांध ढासळला असेल तो हवे तेवढे दगड नेतो. उरलेले, आणि शेतातून निघालेले नवे, आम्ही पुन्हा आडवे टाकतो.

आणि आजही, दरवर्षी, रास उतरवताना कोणाच्या तरी हाताला एखादा दगड तेलकट लागतो. कोणी आरडाओरडा करत नाही. मी तेल्याच्या घरातला, म्हणून तो माझ्याकडे देतात. तेल कोणाच्या घरचं, ते मला वासावरून कळतं. कोणाची सून अडलेली असते, कोणाचा मुलगा घरी परतायचा असतो. मी नाव घेत नाही. दगड राखेने घासतो आणि खाली नेऊन बांधात लावतो. पण मंडळी, ते तेल जुनं कधीच नसतं. कधी कधी तर त्याच सकाळचं असतं.